चाळिसावा डॉलर

ही वही कुणाच्या हाती लागली तर आधीच माफी मागते. माझं शिक्षण चौथीपर्यंत. ऱ्हस्व-दीर्घ तेव्हाही चुकायचं, आता तर साठी उलटली. अक्षराचं म्हणाल तर सुई धरून धरून बोटं वाकडी झालीत. ओळ सरळ जातच नाही. उजवीकडे खाली उतरते, गुरं ओढ्याला उतरावीत तशी.

आज वारा वायव्येचा. आभाळ पांढरं. तळं अजून गोठलेलंच आहे, पण कडेकडेने काळं पाणी दिसायला लागलंय.

हे आधी लिहावं लागतं. कप्तानांचा नियम होता, आधी वारा, मग बातमी.

कप्तान जाऊन सहा आठवडे झाले. त्यांचं एक पत्र लिहायचं राहिलंय. त्या पत्राबरोबर पाठवायचं चांदीचं नाणं माझ्या सुयांच्या डबीत आहे. चाळीसातलं हे शेवटचं. ते पोचेपर्यंत त्यांचं देणं फिटत नाही. पत्र त्यांच्यावरच लिहायचं असं मी ठरवलंय, पण एकदम चांगल्या कागदाला हात लावायचा धीर होत नाही. म्हणून इथे लिहून बघते. जसं आठवेल तसं.

मी इथे अमेरिकेत, श्रूजबरीला आले ती सूनबाईच्या बाळंतपणाला. आले आणि राहिले. मुलगा आणि सूनबाई दोघंही कॉम्प्युटरवर काम करतात. घर मोठं, आणि दिवसभर त्यात फ्रिजच्या घुरघुरण्याखेरीज आवाज नाही. मला इंग्रजी येत नाही, आणि मराठीतही चार माणसांत बोलायला मला जमत नाही. इथल्या मराठी मंडळींच्या हळदीकुंकवालाही मी ओटीचे तांदूळ निवडत आतल्या खोलीतच बसायची. येताना सोबत जुन्या लुगड्यांचं गाठोडं आणलं होतं, नातीसाठी वाकळ शिवायला. ती पहिली वाकळ जानेवारीत एके दिवशी लख्ख ऊन पडलं म्हणून मागच्या कठड्यावर वाळत घातली. भोवती सगळं बर्फ, त्यात तेवढीच रंगीत.

शेजारच्या अंगणातून एक म्हातारा बर्फ तुडवत सरळ आमच्या कठड्याशी आला. उंच, पाठ ताठ, अंगात नुसता सदरा. वाकळीचं टोक त्यांनी हातात घेतलं. मला वाटलं ओरडणार, असलं बाहेर वाळत घालायचं नसतं म्हणून. त्यांनी ते टोक उलटं केलं आणि खालच्या बाजूचे टाके बघत राहिले. किती वेळ. बघणारे सगळे वाकळीचे रंग बघतात. खालची बाजू बघतो तो शिवणाऱ्यांत वाढलेला माणूस. मी आतून चहा आणून दिला. त्यांनी भुवया उंचावल्या. मला वाटलं, चहाची चेष्टा करताहेत.

ते भुवयांचं नंतर कळलं. उत्तरेला, जिथं ते तरुणपणी राहिले, तिथली माणसं ‘हो’ तोंडाने म्हणत नाहीत. भुवया उंचावल्या की हो, नाक आक्रसलं की नाही. कप्तानांना ही सवय लागली ती लागलीच. सूनबाईने एकदा मोठ्या हौसेने शिरा केला आणि विचारलं, आणखी वाढू का? कप्तानांनी तिच्या तोंडावर नाक मुरडलं. ती आठ दिवस फुगून बसली होती.

आरमारात होते म्हणून आम्ही त्यांना कप्तान म्हणायचो. अलास्काच्या वरच्या टोकाला समुद्राकाठची गावं आहेत. त्यांना वर्षातून एकदा बोटीने सामान पोचवायचं काम त्यांच्याकडे होतं. एका वर्षी बर्फाने बोट अडवली. बर्फ हटायची वाट बघत अठरा दिवस गेले. त्या अठरा दिवसांत ते गावात जाऊन बसले, ह्याला काय म्हणतात, त्याला काय म्हणतात, विचारत. पुढच्या वर्षी आरमाराची नोकरी सोडली आणि एक पेटी वह्या घेऊन तिथे राहायलाच गेले. तीन हिवाळे काढले. कुत्र्यांच्या गाडीवरून सगळा किनारा हिंडले, नकाशे केले, शब्द गोळा केले, गाणी लिहून घेतली. नंतर त्यांची पुस्तकं झाली. हे मला सूनबाईने फोनवर वाचून सांगितलं. कप्तान स्वतः विचारल्यावर एवढंच म्हणायचे, “मी विचारत होते.”

विचारत ‘होते’. ते तसंच बोलायचे. मराठी शिकले माझ्याकडून. रोज दहा वाजता येऊन बसायचे, बोट दाखवायचे. “हे काय?” “दोरा.” “हे काय?” “टाका.” “हे काय?” “अहो, हे पण टाकाच, पण हा धावता टाका.” सगळं वहीत. चार महिन्यांत बोलायलाच लागले, पण माझ्यासारखं. मी दमले, मी बसते, मी विसरले. मुलगा हसून लोळायचा.

“आई, सांग ना त्यांना. सहा फुटाचा माणूस ‘मी दमले बाई’ म्हणतो यार!”

मी सांगितलं. पुरुषमाणूस दमलो म्हणतो, बसतो म्हणतो. कप्तानांनी विचार केला आणि म्हणाले, “तिकडे पण मी शिवणाऱ्या बायकांत बसून शिकले. मला भाल्याचे शब्द येत नव्हते, सुईचे येत होते. शिकारी हसायचे. हसू दे, मावशी. कोणाकडून शिकले ते समजतं.”

इथली सगळी मुलं मला मावशी म्हणतात, म्हणून नव्वदीचे कप्तानही मावशी म्हणायचे.

चौथीच्या पुस्तकात आम्हाला चित्र होतं. बर्फाचं घर, केसाळ कपड्यातली माणसं, खाली लिहिलं होतं एस्किमो. मी तो शब्द बोलून दाखवला तर कप्तानांनी ओठावर बोट ठेवलं. ती माणसं स्वतःला इन्युपिआक म्हणतात, तसंच म्हणायचं. आणि बर्फाचं घर? ते त्यांनी एकदाच बघितलं होतं, शिकारीच्या वाटेवर, एका रात्रीपुरतं. बाकी घरं लाकडाची आणि मातीची. “तुझ्या पुस्तकवाल्यांनी विचारलं नाही,” म्हणाले.

त्यांचं घर मात्र बर्फाचंच होतं म्हणायला हवं. भर थंडीत खिडक्या उघड्या. भिंतीवर दोन घड्याळं, एक इथलं आणि एक चार तास मागचं, तिकडचं. जेवायचे इथल्या घड्याळाप्रमाणे, झोपायचे तिकडच्या. सकाळी हवेचं यंत्र दोनदा टिचकी मारून बघायचं आणि वहीत लिहायचं. वारा, आभाळ, पारा, मग काय घडलं ते. सूनबाई एकदा धावत गेली, “कॅप्टन, तुमच्या गॅरेजमध्ये पाणी शिरलंय!” कप्तान शांत. “वारा?” सूनबाईने कपाळाला हात लावला. वारा कुठला ते तिने बाहेर जाऊन बघून येऊन सांगितलं तेव्हा कुठे ते उठले.

मला तो नियम जड गेला नाही. मळणीच्या वेळी पाटीत धान्य घेऊन उंचावर उभी राहिलेली बाई वारा चुकवत नाही. चुकवला तर भूस डोळ्यांत आणि धान्य मातीत. हे सांगितलं तेव्हा कप्तानांनी दोन पानं लिहिली. उफणण्यावर दोन पानं! मग मला एक कोरी वही दिली, हीच. मी म्हटलं, माझं अक्षर वाईट आहे. म्हणाले, “अक्षर वाईट असलं की वाचणारा हळू वाचतो. चांगलं आहे.”

हिवाळ्यात ते मला तळ्यावर न्यायचे. काठीने बर्फावर ठोकायचं आणि ऐकायचं. जाड बर्फ वेगळं बोलतं, पातळ वेगळं. ठोकत ठोकत आम्ही मध्यापर्यंत जायचो आणि थांबायचो. चहूबाजूंनी पांढरं. झाडं कुठे संपली, आभाळ कुठे लागलं, कळायचं नाही. खाली बर्फ कण्हल्यासारखा आवाज करायचं. तिथे उभे राहून कप्तान देवमाशाची गोष्ट सांगायचे. गावातले पुरुष कातड्याच्या होडीतून देवमासा मारायला जातात. होडीचं कातडं बायकांनी शिवलेलं, स्नायूच्या दोऱ्याने, असा टाका की सुई कातड्याच्या आरपार जातच नाही. मग पाणी कुठून येणार? पुरुष समुद्रात असतात तेव्हा म्होरक्याची बायको घरात स्वस्थ बसते. शिवायचं नाही, कापायचं नाही. ती हलली तर देवमासाही हलेल. ती निवांत असेल तर तो निवांत येईल. आणि मासा काठावर आला की त्याच्या तोंडावर गोडं पाणी ओततात. जन्मभर खाऱ्यात राहिलेला, तहानलेला पाहुणा.

आमच्याकडे उन्हातून आलेल्याला गूळपाणी देतात तसंच की, मी म्हटलं.

त्या रात्री मला स्वप्न पडलं. आमच्या गावच्या विहिरीवर एक देवमासा आलाय, डोंगराएवढा, आणि मी कळशीने त्याला पाणी पाजतेय. किती पाजलं तरी त्याची तहान भागत नाही आणि माझी कळशी रिकामी होत नाही. सकाळी मी ते कप्तानांना सांगितलं. त्यांनी ते लिहून घेतलं नाही. नुसते ऐकत राहिले.

आता देण्याबद्दल लिहिते.

त्यांच्या दाराशी एक लाकडी खुंटी होती. तिच्यावर काही टांगायचं नाही. मी एकदा ओली छत्री अडकवली तर उठून काढली. म्हणाले, “इथे कोट होता.”

पहिल्या हिवाळ्यात त्यांना गावातल्या एका बाईने रानटी हरणाच्या कातड्याचे कपडे शिवून दिले होते. आत एक कोट, वर एक कोट, विजार, बूट. तिने माप घ्यायला फीत लावली नाही. दोन विती मोजल्या आणि एकदा डोक्यापासून पायापर्यंत बघितलं, बस. बुटाचे तळ दातांनी चावून चावून मऊ करायची, त्याने दात झिजून हिरड्यांना टेकलेले. “मी जिवंत आहे ते तिच्या टाक्यांमुळे,” कप्तान म्हणायचे. तिने भाव ठरवला होता, हाताने फिरवायचं एक शिलाई मशीन आणि चाळीस डॉलर, चांदीचे. कप्तान निघाले तेव्हा म्हणाले, पुढच्या उन्हाळ्याच्या बोटीने आणतो.

इकडे आल्यावर एका संग्रहालयाने तो कोट मागितला. भरपूर पैसे दिले. त्या पैशांतून हे घर घेतलं. काचेच्या कपाटात कोट लागला, खाली कप्तानांचं नाव. तिचं नव्हतं. पुढच्या उन्हाळ्याच्या बोटीला पुस्तक चाललं होतं. त्याच्या पुढच्या बोटीला लग्न. मग आणखी काही. सहा वर्षांनी मशीन आणि नाणी घेऊन गेले तेव्हा ती बाई वारली होती.

“मग?” मी विचारलं.

“मग मशीन परत आणलं. नाणी घरात खर्च झाली.”

मशीन तळघरात होतं, चादरीखाली. दर महिन्याला त्याला तेल घालायचे. चाक फिरवलं की मऊ आवाज. मी एकदा म्हटलं, नुसतं ठेवलंय तर मी वापरते. त्यांनी नाक आक्रसलं. “ते माझं नाही.”

पुढची गोष्ट घडली ती आमच्या पायरीवर. उन्हाळा होता. नात तीन वर्षांची, माझं शिवताना बोटात घालायचं अंगुस्तान पळवून तोंडात घातलेलं. मी म्हटलं, “अहो आत्याबाई, द्या बरं ते इकडे. गिळाल.”

“नो!” आत्याबाई म्हणाल्या आणि पळाल्या.

कप्तानांनी वही काढली. “अहो? एवढ्याशा मुलीला अहो? आणि आत्या का? आत्या म्हणजे वडिलांची बहीण.”

मी लाजले, पण सांगितलं. आमच्याकडे सासूला आत्याबाई म्हणायची रीत. माझ्या सासूबाई वारल्या आणि तीन वर्षांनी ही झाली. मुलाने आजीचंच नाव ठेवलं. आता सासूचं नाव सुनेने तोंडाने कसं घ्यायचं? ते मी इथेही लिहीत नाही. आणि नाव त्यांचं म्हणजे त्याच आल्या की परत. मग मी हिला आत्याबाईच म्हणते. रागावताना सुद्धा अहो-जाहो.

“आणि हे?” त्यांनी बोट दाखवलं. पोरीच्या मनगटात सोन्याच्या बारीक पाटल्या होत्या.

“त्यांच्याच आहेत,” मी म्हटलं. “मुलाच्या कॉलेजच्या फीसाठी सासूबाईंनी हातातल्या पाटल्या काढून दिल्या होत्या. मोडल्या. म्हणाल्या, करून दे पुढे कधीतरी. त्या असेपर्यंत जमलं नाही. हिच्या बारशाला मी केल्या आणि घातल्या. त्यांच्या त्यांना दिल्या.”

कप्तानांनी लिहिणं थांबवलं. पेन्सिल हातातच. पोरगी गवतावरून पळत होती आणि ते तिच्याकडे बघत होते, पण बघत नव्हते. मग म्हणाले, “मावशी, मी गेले तेव्हा त्यांनी माझ्या मांडीवर एक बाळ ठेवलं. मुलगी. महिनाभराची. म्हणाले, ही बघ, ती आली. त्या बाईचं नाव बाळाला दिलं होतं. तिकडे नाव दिलं की माणूस परत येतो. बाळाची आई, त्या बाईची लेक, बाळालाच आई म्हणत होती. मी सगळं लिहून घेतलं. पुस्तकात त्यावर एक धडा आहे.”

“आणि मशीन?”

“मशीन बोटीवर होतं. मी परत आणलं. बाळ माझ्या मांडीवर होतं, मावशी. सगळा गाव काठावर उभा राहून बघत होता, आणि मी पेटी परत घेऊन गेले.”

माझ्या तोंडून निघून गेलं, “एवढी पुस्तकं लिहिलीत आणि एवढं कळलं नाही?”

“लिहिलं,” ते म्हणाले. “मला वाटलं, लिहिलं म्हणजे कळलं.”

मी एवढ्या मोठ्या माणसाला असं कधी बोलले नव्हते. रात्रभर मन खात राहिलं. सकाळी दहा वाजता ते आले नाहीत. अकराला मीच गेले. दार उघडंच होतं. तळघरातून ते मशीन त्यांनी एकट्याने वर आणून टेबलावर ठेवलं होतं आणि शेजारी धापा टाकत बसले होते. मी आधी वारा सांगितला. मग म्हटलं, ती मुलगी आता असेल ना कुठेतरी?

सूनबाईने शोधलं. चहा उकळेपर्यंत फोनवर त्या गावची शाळा काढली, शाळेतल्या बाईंची नावं काढली. ते नाव होतं. पंचावन्न वर्षांची बाई, दुसरीच्या वर्गाला शिकवणारी. कप्तान फोनकडे नुसते बघत राहिले. “पंचावन्न वर्षं,” म्हणाले, “आणि चहा अजून उतू पण गेला नाही.”

व्हिडिओवर बोलायचं ठरलं. कप्तानांनी आरमाराचा कोट घातला, मग काढला. नुसत्या सदऱ्यावर बसले. पलीकडे एक रुंद चेहऱ्याची बाई आली, चष्मा, मागे खिडकीत भर उन्हाळ्यातही पांढरं सगळं. कप्तान तिच्या भाषेत दोनच शब्द बोलले. ती बोलली नाही. बघत राहिले एकमेकांकडे.

सूनबाई हळूच म्हणाली, “आई, फ्रीझ झालं की काय?”

“गप,” मी म्हटलं.

कारण कप्तानांनी तिच्या भाषेत एवढंच विचारलं होतं की तूच का ती, आणि त्या बाईने भुवया उंचावल्या होत्या. मला दिसलं.

मग ती बोलली. आधी तिच्या भाषेत, मग इंग्रजीत, सूनबाई मला सांगत गेली. ती म्हणाली, “मशीन कुठंय?”

कप्तान गोरे होते, ते आणखी पांढरे पडले. तिला ठाऊक होतं! तिला लहानपणापासून ठाऊक होतं. दर उन्हाळ्यात बोट लागली की गावच्या म्हाताऱ्या तिला चिडवायच्या, जा, काठावर जा, तुझं मशीन आलं असेल. पाच वर्षांची असताना ती खरंच जायची. पेट्या उतरेपर्यंत उभी राहायची. दहाव्या वर्षी जायचं सोडलं. तो माणूस आपल्याला ओळखतच नाही, आपण ती नाहीच असं त्याला वाटतं, म्हणून पेटी परत नेली, असं तिने धरून ठेवलं होतं.

कप्तानांनी फोनसमोर मशीन ओढलं आणि चाक फिरवून दाखवलं. आवाज ऐकून ती हसली. मग त्यांनी संग्रहालयाचे सगळे पैसे देतो म्हटलं, घर विकतो म्हटलं. तिने नाक आक्रसलं.

“कोट मी शिवला, भाव मी सांगितला,” ती म्हणाली. “मशीन आणि चाळीस. आणि चाळीस एकदम नको. एकदम दिलेस की तू पुन्हा जाशील. एकेक नाणं, एकेक पत्र. तुझ्या वह्यांत आमची माणसं आहेत. एका पत्रात एक माणूस लिहून पाठव. आणि कोटाखाली माझं नाव लाव.”

संग्रहालयाला त्यांनी दुसऱ्याच दिवशी लिहिलं. पाटी बदलली, त्याचा फोटो आला. मशीन पेटीत घालून विमानाने गेलं. बांधलं मी, आणि वर पहिली वाकळ गुंडाळली, तीच. चांदीचे जुने डॉलर आता व्यवहारात नाहीत म्हणून मुलाने आम्हाला जवळच्या वूस्टर शहरात नाण्यांच्या दुकानात नेलं. एका डॉलरला कितीतरी डॉलर मोजावे लागले. मुलगा कुरकुरला तर कप्तान खूश. “व्याज,” म्हणाले.

मग पंधरवड्याला एक पत्र. मी शिवत बसायची, ते जुन्या वह्या उघडून बसायचे. खोलीत हळूहळू माणसं जमायला लागली. पायाला सहा बोटं असलेला होडीवाला. वादळाला शिव्या देणारी म्हातारी. तरंगत्या बर्फावर अडकून चार दिवस गात राहिलेला पोरगा. मी त्यांना बघितलेलं नाही, पण आज त्यातलं कुणी रस्त्यात भेटलं तर ओळखीन. पलीकडून उत्तरं यायची. हा माझा आजा. ही अजून आहे, तिच्या नावाची. कधी कधी, हे चूक लिहिलंस, तो असा नव्हता. कप्तान जुन्या वहीत खोडून नीट करायचे.

चौतिसाव्या पत्रानंतर त्यांचे हात थरथरायला लागले. मग ते मराठीत सांगायचे, मी लिहायची, सूनबाई खाली इंग्रजी करायची. पाच पत्रं अशी गेली. एकोणचाळिसावं झालं तेव्हा त्यांना श्वास पुरत नव्हता. “चाळिसावा माणूस आठवत नाही, मावशी. तू बघ.”

त्यांना दवाखान्यात नेलं तेव्हा गाडीत बसताना मला म्हणाले, “मी जाते.”

“जाते म्हणू नये,” मी म्हटलं. “किती वेळा सांगितलं. येते म्हणावं.”

“मी येते.”

ते नऊ दिवस मी सुई हातात घेतली नाही. कात्री नाही, विळी नाही. भाजी सूनबाई चिरायची. खिडकीशी स्वस्थ बसून राहिले, तळ्याकडे बघत. मी हलले नाही तर तेही निवांत राहतील, असं काहीतरी डोक्यात. एकदा भेटायला नेलं तेव्हा चमच्याने दोन घोट पाणी पाजलं. बोलता येत नव्हतं. भुवया उंचावल्या.

दहाव्या दिवशी सकाळी सूनबाई कामाच्या खोलीतून फोन हातात घेऊन आली. स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. मग मागे वळली, मागचं दार उघडून बाहेर गेली, तशीच अनवाणी, आणि परत येऊन म्हणाली, “आई, वारा पश्चिमेचा आहे.”

मला कळलं.

एवढं लिहिलं. आता पत्रात उतरवते. सगळं नको. आमच्या श्रूजबरीत एक माणूस होता, वाकळ उलटी करून बघणारा, एवढ्यापासून सुरुवात करीन. शेवटी लिहीन की उशिरा का होईना, त्याला कळलं.

*

बारा दिवसांनी लिहिते आहे.

वारा दक्षिणेचा. आभाळ निरभ्र. तळ्यावरचं बर्फ फुटलं, सकाळी तुकडे एकमेकांवर घासत होते.

दुपारी तिकडून व्हिडिओ आला. टेबलावर मशीन, खाली माझी वाकळ पसरलेली. त्यावर नाणी मांडलेली, ओळीत. तिने पाकीट आमच्यासमोर फोडलं. पत्र उलगडलं, ते वेडंवाकडं अक्षर बघितलं, बोट लावून ओळीवरून हळूहळू फिरवलं, जणू टाके बघतेय. मग नाणं काढून ओळीच्या टोकाला ठेवलं आणि पहिल्यापासून मोजायला लागली. तिच्या भाषेतले आकडे मला येत नाहीत, पण चाळीस झाले ते समजलं. ती माझ्याकडे बघत राहिली, मी तिच्याकडे. या वेळी सूनबाई काही म्हणाली नाही.

तिने भुवया उंचावल्या. मीही उंचावल्या.

कप्तानांचे सगळे पैसे फिटले.